सिंधूला किती काळ बालगंधर्वांच्याच मापाने मोजायचे?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात नुकत्याच झालेल्या ‘संगीत एकच प्याला’च्या प्रयोगाचे परीक्षण आपल्या पुरवणीत वाचले. एका हौशी संस्थेने एवढे अवघड नाटक उभे केले याबद्दल परीक्षणकर्त्यांनी मोकळ्या मनाने कौतुक केले आहे, नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांवर बारकाईने लिहिले आहे आणि तळीराम या दारुड्या पात्राच्या कामाला तर एक संपूर्ण परिच्छेद दिला आहे. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराची पत्नी सिंधू ही या नाटकाची नायिका; तिच्या वाट्याला मात्र दीड वाक्य आले. गळा तयारीचा आहे, परंतु गंधर्व गायकीचा, म्हणजे बालगंधर्वांच्या गाण्याच्या ढंगाचा, गोडवा त्यात उतरलेला नाही, एवढाच त्याचा आशय. जी अभिनेत्री पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत या नाटकाचा भार वाहते, तिने काय केले हे त्या दीड वाक्यातून वाचकाला कळत नाही; तिने काय केले नाही एवढेच कळते. हा प्रकार आपल्याच पुरवणीत घडतो असे मी म्हणणार नाही. संगीत नाटकातील नायिकेविषयी लिहिताना आपल्याकडे ही सवयच पडून गेली आहे, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

शाळेत संगीत शिकवण्यात माझी नोकरी झाली, आणि सोलापुरातील हौशी संस्थांच्या तालमींना पेटीवर बसण्याचे काम आवडीने केले. त्यामुळे सिंधू हे पात्र प्रेक्षागृहातून जितके पाहिले त्याहून अधिक जवळून, तालमीच्या खोलीत, तुकड्यातुकड्यांनी पाहिले आहे. वेगवेगळ्या अभिनेत्री तेच संवाद आणि तीच पदे घेऊन उभ्या राहतात, आणि तरीही प्रत्येकीची सिंधू निराळी बाई असते. तो निराळेपणा आवाजाच्या पोतापेक्षा पुष्कळ खोल असतो, आणि परीक्षणाने तो टिपावा एवढीच अपेक्षा आहे.

आधी ‘मूळ सिंधू’ म्हणजे काय हे पाहू. गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास केला. राम गणेश गडकरी त्याआधी चार आठवडे, २३ जानेवारीला, सावनेर येथे निवर्तले होते. ज्यांनी सिंधू लिहिली त्यांना ती रंगमंचावर पाहायला मिळालीच नाही. पदेही त्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांनी रचून दिली. त्या पदांपैकी अनेकांच्या चाली पुण्याच्या गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या, आणि त्या सिंधूची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी आपल्या गळ्यात घोळवून अजरामर केल्या. म्हणजे पहिल्या दिवशीची सिंधूसुद्धा दिवंगत नाटककाराचे गद्य, दुसऱ्या लेखकाची पद्यरचना, एका गायिकेने दिलेल्या चाली आणि एका पुरुष नटाची वाणी यांच्या मिलाफातून उभी राहिली होती. गंधर्व गायकीचा आदर्श पुढे करून आज स्त्रियांच्या गाण्यात उणीव काढणाऱ्यांनी त्या गायकीतील सुंदराबाईंचा वाटा तरी आठवावा. बाईच्या गळ्यातून निघालेली चाल पुरुषाच्या गळ्यात गेली, तेथे तिने मुक्काम केला, आणि आता पुन्हा बाईच्या गळ्यात आली तर ती परकी कशी ठरते?

बालगंधर्वांची थोरवी मी कमी लेखत आहे, असा गैरसमज कृपया होऊ नये. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत माझी पिढी गाणे शिकली. पण त्या मुद्रिकांची मर्यादाही ओळखली पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत, आणि त्यात पद बसवायचे तर आलापी आणि पुनरावृत्ती छाटावीच लागे. रंगमंचावर तेच पद थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्या संगतीने खुलत जाई, वन्समोअर मिळत आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालत, हे जुन्या आठवणींतून आपण वाचलेले आहे. बालगंधर्व १९६७ साली गेले, आणि त्यांनी सिंधू रंगवणे त्याच्या कितीतरी आधी थांबवले होते. आज साठीत असलेल्या रसिकानेसुद्धा त्यांची सिंधू डोळ्यांनी पाहिलेली असण्याची शक्यता नाही. तेव्हा ‘बालगंधर्वांची सिंधू’ म्हणून आपण जिच्याशी तुलना करतो तो असतो तबकडीवरचा तीन मिनिटांचा आवाज. त्या आवाजामागे नट कसा बसला होता, पदाआधीचे वाक्य त्याने कुठे तोडले, ‘नाथा’ म्हणताना सुधाकराकडे पाहिले की नजर खाली ठेवली, यांतले काहीही आपल्यापाशी नाही. भरजरी शालूंसाठी ज्याची ख्याती, त्या नटाने या भूमिकेसाठी ठिगळे लावलेले लुगडे नेसले ही आठवण मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि माझ्या मते त्यांच्या अभिनयदृष्टीचा तोच सर्वांत बोलका पुरावा आहे. आपल्या सौंदर्याची लोकांना पडलेली भूल त्यांनी येथे जाणूनबुजून बाजूला ठेवली. त्यांचे अनुकरण करायचेच असेल तर या धाडसाचे का करू नये?

भूमिका स्त्रियांकडे आली तेव्हा काय बदलले याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. गायिका-अभिनेत्री जयमालाबाई शिलेदारांना बालगंधर्वांचा प्रत्यक्ष सहवास लाभला. १९४९ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मराठी रंगभूमी’ संस्थेतून शिलेदार कुटुंबाने संगीत नाटकाची परंपरा महाराष्ट्रभर जागती ठेवली. पुढे कीर्तीताईंनी नीलकंठबुवा अभ्यंकरांकडे तालीम घेऊन आईचा वारसा चालवला. एकाच घरातल्या, एकाच परंपरेत वाढलेल्या या दोघींची नाट्यपदे लागोपाठ ऐकली तरी दोन वेगळे स्वभाव कानाला जाणवतात. जयमालाबाईंच्या गाण्यात शब्दाला जपण्याची वृत्ती आहे, तर कीर्तीताईंचा आवाज झेप घेणारा, तान धारदार. आई आणि मुलीतही जर असे अंतर पडते, तर सोलापूरच्या एखाद्या नोकरदार मुलीने शंभर वर्षांपूर्वीच्या पुरुष नटासारखे गावे असा आग्रह कशाच्या आधारावर धरायचा?

एक तांत्रिक बाब सांगते, कारण परीक्षणात ती कधीच येत नाही. १९१९ साली ध्वनिक्षेपक नव्हते. दुःखाचे पदसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे तर आवाज फेकावा लागे, आणि हुंदका स्वरातच गुंफावा लागे. आज कॉलरला माइक लावून अभिनेत्री कुजबुजली तरी ती बाल्कनीत ऐकू येते. ही सोय काही जणींनी आळसाने वापरली आहे हे खरे, पण काही जणींनी तिच्यातून नवा अभिनय निर्माण केला आहे. पुरुषाची स्वरपट्टी सोडून पेटीवरची काळी चार किंवा काळी पाच ही पट्टी धरली की पदाचा रंगही पालटतो. जी जागा तबकडीवर पुरुषी आवाजात रुंद आणि संथ वाटते तीच येथे अधिक उघडी, अधिक असहाय वाटू लागते. शिवाय गद्यातून पदात शिरण्याची जागा असते. गडकऱ्यांचे गद्य अलंकारांनी लगडलेले, एका श्वासात न मावणारे. त्याच्या शेवटच्या शब्दाला ऑर्गनने सूर द्यायचा आणि रडवेल्या अवस्थेत अभिनेत्रीने तो नेमका उचलायचा. कच्ची अभिनेत्री तेवढ्यापुरती सिंधू राहत नाही, गायिका होते, मान किंचित वळवते आणि साथीदाराकडे पाहते. आताच्या प्रयोगातील अभिनेत्रीने एकदाही तसे केले नाही. तिने गद्याचे शेवटचे दोन शब्द हलकेच स्वराच्या जवळ नेले आणि पद कधी सुरू झाले ते प्रेक्षकांना ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीला कळले. तालमीच्या खोलीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही कमाई किती कष्टाची आहे हे ठाऊक असते. परीक्षणात तिचा उल्लेख नाही.

आता ज्या पदावर या भूमिकेची खरी परीक्षा होते त्याकडे वळते. सुधाकराची वकिलीची सनद जाते, अपमान पचवण्यासाठी घेतलेला एक प्याला संसार बुडवतो, आणि माहेरच्या आधाराकडे जाण्याची वाट मोकळी असतानाही सिंधू ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणून नवऱ्याच्या पायाशी राहण्याचे ठरवते. गेल्या अनेक वर्षांत आपल्या शहरात मी पाहिलेल्या सिंधूंपैकी तिघींचे हे पद मला लख्ख आठवते. पहिली सिंधू बाणेदार होती. ती पद तिला न्यायला आलेल्या भावाला उद्देशून म्हणे, जणू वादात उत्तर देत आहे. समेवर येताना तिची हनुवटी वर असे आणि पदानंतर टाळ्या हमखास पडत. माझ्या दृष्टीने तिच्यात एक उणीव होती. इतक्या ठाम बाईला या घरात अडकून पडण्याची गरज का, याचे उत्तर तिच्या सिंधूपाशी नव्हते. दुसरी पूर्णपणे भक्तीच्या अंगाने जाई. डोळे मिटलेले, लय विलंबित, प्रत्येक आवर्तनात एक नवी मुरकी. बालगंधर्वांच्या तबकडीशी सर्वांत जवळची हीच, आणि ज्येष्ठ मंडळींची लाडकीही हीच. तिचे गाणे ऐकताना मीही भान विसरत असे, पण पद संपल्यावर एवढ्या संकटात ती इतकी शांत कशी हा प्रश्न मनात उरे. गाण्याने नाटकातली अडचण सोडवल्यासारखी वाटे, आणि गडकऱ्यांनी ती अडचण सुटू नये अशीच घालून ठेवली आहे.

तिसरी सिंधू म्हणजे आपल्या परीक्षणकर्त्यांच्या पसंतीस न उतरलेली ही मुलगी. तिने पद अर्ध्याहून कमी वेळात संपवले. तिच्या गाण्याचा रोख भावाकडेही नव्हता आणि पतीच्या पायाकडेही नव्हता. आपण हा निर्णय का घेत आहोत हे स्वतःलाच समजावून सांगणारी आणि पुरते पटवून न घेता आलेली बाई तिने उभी केली. ध्रुवपद पुन्हा घेताना दर वेळी ती ‘कशि’ या शब्दावर जरा अधिक थांबत गेली, आणि शेवटच्या वेळी त्या शब्दात निष्ठेपेक्षा भीती जास्त होती. त्या दिवशी एक गोष्ट घडली तीही नोंदवते. पदाआधीच्या क्षणी बाल्कनीतून एका बाईंचा आवाज आला, “अगं, जा की भावासंगं!” काही जण हसले. अभिनेत्री क्षणभर थांबली. तिने वर पाहिले नाही, विंगेकडेही पाहिले नाही, आणि त्या थांबण्यातूनच पद सुरू केले. प्रेक्षागृहातून आलेला प्रश्न आणि रंगमंचावरून आलेले उत्तर अशी त्या पदाची जोडी जुळली. वन्समोअर मिळाला नाही, टाळ्याही उशिरा आल्या. याला अपयश समजणाऱ्यांशी माझा मतभेद आहे.

बाल्कनीतला तो आवाज सोलापूरचा होता, आणि येथे आपल्या शहराविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापड गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर कितीतरी घरांत पुरुषाचा पगार थांबला आणि बाईच्या हातावर घर चालू लागले. पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांपैकी अनेकींना दारूचा संसार पुस्तकातून कळलेला नाही. त्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात. गडकऱ्यांचे अलंकार त्यांना सगळे समजत असतील असे नाही, पण पोटासाठी जात्याशी बसलेली सिंधू त्यांना समजावून सांगावी लागत नाही. पुण्या-मुंबईत सिंधूच्या निष्ठेवर चर्चासत्रे होतात. येथे प्रयोग पाहून बाहेर पडणाऱ्या बायका तिच्या कमाईविषयी बोलतात: किती दळण म्हणजे किती पैसे, आणि ते नवऱ्याच्या हाती न लागता कुठे ठेवायचे. आताच्या अभिनेत्रीने दळणाच्या प्रवेशात पदर खोचून, मधे मधे पीठ हाताने सारत, दाराकडे कान ठेवून जे काम केले ते मला या शहराने शिकवलेले वाटले. जात्यावर बसलेल्या बाईचा उजवा खांदा दुखतो आणि थोड्या वेळाने ती हात बदलते, हे तिने कुठून तरी नीट पाहून ठेवले होते. ‘घास घे रे तान्ह्या बाळा’ या पदात तर तिने तानेचा मोह टाळून अंगाईची लय धरली. संगीताची शिक्षिका म्हणून मला गाण्यातली एखादी हरकत हवीशी वाटली. प्रेक्षक म्हणून वाटली नाही.

अखेरच्या अंकाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. नशेत सुधाकराच्या हातून मूल दगावते, सिंधू स्वतः मरणाच्या दारात असते, आणि तरीही नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून ती चौकशीला आलेल्यांसमोर खोटे सांगते. भक्तिमार्गी सिंधू हे खोटे एखाद्या व्रताच्या उद्यापनासारखे उच्चारत असे, आणि प्रेक्षागृहात रुमाल निघत. बाणेदार सिंधू ते ओरडून सांगे. या मुलीने ते अगदी सपाट, सरावलेल्या स्वरात सांगितले. शेजारणीला, वाण्याला, दूधवाल्याला अशीच काहीबाही कारणे सांगून झाली असावीत आणि त्यांतलेच हे आणखी एक, असा तो स्वर होता. माझ्या अंगावर काटा आला तो तेथे. गडकऱ्यांच्या संहितेतील एक शब्दही न बदलता तिने त्या वाक्याच्या मागे कित्येक महिन्यांचा इतिहास उभा केला. शंभर वर्षांहून जुने नाटक आजही करण्याजोगे का आहे, या प्रश्नाचे उत्तर अशा जागी मिळते.

याच संदर्भात गीतेचीही आठवण होते. तळीरामाची ही बायको तोंडाने फटकळ आहे आणि नवऱ्याच्या व्यसनाला ती पवित्र मानत नाही. सिंधू कशी साकारली जाते यावर गीतेचा अर्थ ठरतो. सिंधू देवी झाली की गीता विनोदासाठी उरते. सिंधू माणूस झाली की गीता तिची मैत्रीण होते आणि दोघींच्या संवादाला धार चढते. नायिकेच्या अभिनयाचा परिणाम असा इतर पात्रांवर होत असतो, आणि केवळ गळ्याकडे कान लावून बसलेल्या परीक्षकाला तो दिसत नाही.

काही तरुण मंडळी म्हणतात की अशी सोशीक नायिका आज दाखवूच नये. त्यांचा संताप मला समजतो. परंतु एका दिग्दर्शकाने काही वर्षांपूर्वी ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद काढूनच टाकले होते, आणि तो प्रयोग पाहून मला फसवले गेल्यासारखे वाटले. अवघड पद काढल्याने सिंधू मुक्त झाली नाही, मुकी मात्र झाली. तिचे राहणे जिथे उलगडायचे तीच जागा रिकामी ठेवून तिचे हाल तेवढे दाखवले गेले. पद ठेवावे, हवे तर आटोपशीर ठेवावे, आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम अभिनेत्रीवर सोडावे.

तुलनेचे हे ओझे एकट्या सिंधूवर नाही. ‘संगीत मानापमान’ नाटकाची नायिका भामिनी १९११ पासून ते वाहत आली आहे, २०२५ साली पडद्यावर आलेल्या भामिनीविषयीही वादाची सुरुवात जुन्या पदांपासूनच झाली. गंमत अशी की ज्या भूमिका प्रथमपासून स्त्रियांनी घडवल्या त्यांच्याही बाबतीत आपण हेच करतो. आपल्या सोलापूरच्या फैय्याज यांनी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ मध्ये झरीना उभी केली, ठुमरी आणि गझलेचा आपला स्वतःचा बाज त्यात आणला, आणि आता पुढची प्रत्येक झरीना त्यांच्या मापाने मोजली जाते. या गावच्या लेकीचा तो मान आहे, आणि तो मला सुखावतोही. पण फैय्याज यांनी स्वतः कोणाचा कित्ता गिरवला नव्हता हे विसरून चालणार नाही. पुलंच्या ‘ती फुलराणी’त भक्ती बर्वे यांनी १९७५ साली मंजुळा अशी काही गाजवली की नंतरच्या मंजुळांना पहिल्या प्रवेशापासून त्यांच्या सावलीशी झुंजावे लागले. तेच मूळ कथानक घेऊन इंग्रजीत झालेल्या संगीतिकेत १९५६ साली ज्यूली अँड्र्यूज यांनी गाऊन नाव मिळवले, आणि १९६४ च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांना भूमिका मिळाली तेव्हा बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात आली. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा ही तडजोड पडद्यावर चालते. आपल्या संगीत रंगभूमीवर ती चालत नाही, आणि म्हणूनच तिथल्या नायिकेचे काम दुहेरी कसाचे असते. त्यातला एकच कस पाहून निकाल देणे अन्यायाचे ठरते.

यावर एक शंका घेतली जाईल याची मला कल्पना आहे. प्रत्येक अभिनेत्रीची सिंधू वेगळी आणि प्रत्येक वेगळेपण स्वागतार्ह, असे म्हटले तर चांगले-वाईट ठरवायचे कसे? माझे उत्तर असे की निकष संहितेतच आहेत. सिंधूचे प्रेम खरे आहे, तिची बुद्धी शाबूत आहे आणि तिला पर्याय उपलब्ध आहे, या तीनही गोष्टी गडकऱ्यांनी स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत. या तिन्ही एकाच वेळी ज्या अभिनेत्रीला पेलतात ती मोठी. मी वर्णन केलेल्या बाणेदार सिंधूत प्रेम कमी पडले, भक्तिमार्गी सिंधूत बुद्धी झाकोळली. आताच्या मुलीची सिंधू पहिल्या अंकात कच्ची होती. सुखाच्या संसारातले हसणे तिला साधले नाही, आणि ‘लागे हृदयी हुरहुर’ या पदात दम अपुरा पडून दोन ठिकाणी सूर उतरला. परीक्षणकर्त्यांनी हे दाखवून दिले असते तर मी त्यांच्याशी सहमत झाले असते, आणि त्या मुलीलाही पुढच्या प्रयोगासाठी काही हाती लागले असते. ‘गंधर्व गायकी नाही’ या शेऱ्याचे तिने काय करायचे?

आपणाकडे माझी विनंती व्यवहारातली आहे. संगीत नाटकाचे परीक्षण लिहिणाऱ्याला शक्य असेल तर दुसरा प्रयोगही पाहायला पाठवावे, कारण गाणारी अभिनेत्री पहिल्या प्रयोगाला नेहमी दडपणाखाली असते. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीदारांची नावे छापावीत. आताच्या परीक्षणात ती नाहीत, आणि सिंधूच्या त्या अवघड जागा साथीदारांनी किती समजुतीने सांभाळल्या हे मी जवळून पाहिले आहे. पदांपैकी कोणती घेतली, कोणती वगळली, कोणते किती लांबवले याची नोंद असावी, म्हणजे पुढे कोणी या भूमिकेचा अभ्यास करील त्याला तबकडीपलीकडचे काही सापडेल. राज्य संगीत नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांबाबतही हेच करता येईल. तेथे गावोगावच्या अभिनेत्री एकाच हंगामात याच जुन्या भूमिका करतात, आणि वृत्तपत्रांत फक्त पारितोषिकांची यादी येते. हुतात्मा स्मृती मंदिरात या संस्थेचा पुढचा प्रयोग होणार असल्याचे कळते. आपल्या परीक्षणकर्त्यांनी त्याला यावे, शक्यतो बाल्कनीत बसावे आणि तिसऱ्या अंकापासून पुढे काय पाहिले ते लिहावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका,
सोलापूर